रंगीत पानांची बाजरी

नाशिक जिल्ह्यांतील विंचूर हें गांव कांद्याच्या मुलखांत वसलेलें आहे. पण त्या बाजूस पावसाळ्यांत बाजरीचीं शेतेंही दिसतात. अशा एखाद्या शेतांत हिरव्या ताटांमध्यें एखादें ताट जांभळट पानांचें निघालें, तर शेतकरी काय करील? रोगट समजून तें उपटील आणि बांधावर टाकील. त्यांत त्याचें फारसें चुकत नाहीं. कारण थंडीनें किंवा जमिनींत स्फुरद कमी पडल्यानेंही पानें जांभळीं पडतात. शिवाय त्यास हवें असतें धान्य. परंतु तेंच ताट बागेच्या शौकिनाच्या दृष्टीस पडलें तर तो त्याचें कणीस जपून ठेवील. त्या एका कणसापासून शोभेच्या गवताची नवी जात कशी निपजते, तें आज श्रोत्यांस सांगावयाचें आहे.

गहूं, ज्वारी, ऊंस यांप्रमाणें बाजरी हेंही एक गवतच. अमेरिकेंत नेब्रास्का विद्यापीठांत डेव्हिड अँड्र्यूज यांनीं गर्द जांभळ्या पानांची बाजरी तयार केली. 'पर्पल मॅजेस्टी' हें तिचें नांव. २००३ सालीं तिला त्या देशांतील नव्या बागाईत वाणांच्या परीक्षेंत सुवर्णपदक मिळालें. हे अँड्र्यूज पूर्वीं हैदराबादेजवळ पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या संस्थेंत बाजरीचेंच काम करीत असत.

हा रंग येतो कोठून? लासलगांवच्या लाल कांद्याच्या सालींत, वांग्याच्या कांतींत आणि जांभळांत जें रंगद्रव्य असतें, त्याच वर्गांतील द्रव्य या पानांत सांचतें. हिरवें द्रव्य नाहीसें होत नाहीं. तें जांभळ्याखालीं झांकलें जातें, म्हणून झाड अन्न तयार करूं शकतें. मौज अशी कीं, या बाजरीचें कोवळें रोप हिरवेंच असतें. पूर्ण ऊन मिळालें म्हणजे रंग चढतो. सावलींतील कुंडींत तो फिका राहतो.

एक रंगीत ताट सांपडणें हा योगायोग. त्याची जात करणें हें मात्र परिश्रमाचें काम आहे. बाजरीच्या कणसांत प्रथम स्त्रीकेसर बाहेर येतात व त्यानंतर कांहीं दिवसांनीं पुंकेसर. त्यामुळें शेजारच्या ताटाचे पराग वाऱ्यानें येऊन आधींच फलधारणा करून जातात. हें टाळण्यासाठीं कणीस बाहेर पडतांच त्यावर कागदी पिशवी चढवितात. संकर करावयाचा असल्यास निवडलेल्या दुसऱ्या ताटाचे पराग त्या पिशवींत झाडतात.

पुढील हिशेब मेंडेलचा. त्याचा निबंध १८६६ सालीं छापला गेला, पण जगाच्या लक्षांत आला १९०० सालीं. समजा, जांभळा रंग हिरव्यावर प्रबळ आहे. मग संकराच्या दुसऱ्या पिढींत सरासरीनें चार ताटांपैकीं तीन जांभळीं निघतील. परंतु त्या तिघांपैकीं एकच शुद्ध बीजाचें असतें. उरलेल्या दोघांच्या संततींत हिरवा रंग पुन्हां डोकावतो. बाहेरून तिन्ही सारखींच दिसतात! कोणतें खरें, तें पुढची पिढी पेरल्यावांचून कळत नाहीं. म्हणून सहा-सात पिढ्या पेरणें, पिशव्या बांधणें आणि बहुतेक ताटें टाकून देणें हाच पैदासकाराचा नित्यक्रम. पावसाळी व उन्हाळी अशीं दोन पिकें घेतलीं तरी तीन-चार वर्षें त्यांतच जातात.

आपल्या देशांत २००१ च्या कायद्यान्वयें नव्या जातीची नोंद होते. ती इतर जातींहून वेगळी, सर्व ताटांत एकसारखी आणि पिढ्यानुपिढ्या स्थिर असावी लागते. स्वतःचें बी राखण्याचा व देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्कही त्याच कायद्यानें मान्य केला आहे.

मात्र या एकसारखेपणांत एक धोकाही आहे. १९६५ सालीं लुधियाना येथें अठवाल यांनीं 'एचबी-१' ही संकरित बाजरी दिली. तिची मातृजात अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांतून आलेली होती. पुढील कित्येक संकरांनाही तीच माता लाभली. आणि १९७० नंतरच्या दशकांत गोसावी रोग आला तेव्हां ते संकर बळी पडले. ज्यांच्या भाकरीचा प्रश्न होता, त्यांनीं ती किंमत मोजली. पैदाशीच्या कामांत जुनीं नानाविध बियाणीं हीच खरी ठेव होय.

हौशी गृहस्थांनींही एवढें ध्यानांत ठेवावें. प्रमाणित बियाण्याच्या बाजरीभोंवतीं निदान २०० मीटरपर्यंत दुसरी बाजरी असूं नये असा नियम आहे. आपल्या अंगणांतील जांभळ्या बाजरीचे पराग कुंपण जाणत नाहींत. जवळ कोणाचें बाजरीचें बियाण्याचें शेत असेल, तर पुंकेसर दिसण्यापूर्वीं कणसें कापून फुलदाणींत ठेवावीं. अंगणाची शोभा कमी होणार नाहीं, कारण ती पानांत आहे; आणि शेजाऱ्याचें बी शुद्ध राहील.