कोशिएनचे वाघ, टोकियोचे जायंट्स

ओसाकाच्या उमेदा स्थानकातून हानशिन रेल्वेची जलद गाडी पकडली, की जेमतेम पाव तासात कोशिएन येतं. सामना असेल त्या दिवशी अख्खा डबा पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या जर्सींनी भरलेला असतो. गाडी हानशिन कंपनीची, 1924 साली उभं राहिलेलं ते मैदान कंपनीचं आणि तिथे खेळणारा हानशिन टायगर्स हा बेसबॉल संघही कंपनीचाच. गंमत म्हणजे कोशिएन ओसाकात नाहीच. ते शेजारच्या ह्योगो प्रांतातल्या निशिनोमिया गावात आहे. तरीही ओसाकाच्या माणसाला विचारा, तो ‘आमचा संघ’ म्हणून टायगर्सचंच नाव घेईल.

हे इतकं सहज घडलेलं नाही. एकेकाळी ओसाका-कोबे-क्योटोच्या या कान्साई भागात चार खासगी रेल्वे कंपन्यांचे चार संघ होते: हानशिन, हानक्यू, नानकाई आणि किंतेत्सू. त्यांत नानकाईचं मैदान ऐन ओसाकाच्या नाम्बा भागात, स्टेशनला लागून होतं आणि पन्नास-साठच्या दशकांत तो संघ हानशिनपेक्षा कितीतरी वरचढ होता. मग लोकांचा जीव हानशिनवरच का जडला?

उत्तर 1949 सालच्या फाटाफुटीत आहे. मायनिची वृत्तपत्राच्या नव्या संघाला प्रवेश द्यायचा की नाही, यावरून जपानी बेसबॉलचे दोन तुकडे पडले. आपल्या भागातल्या इतर रेल्वे कंपन्यांच्या बाजूने उभं राहू, असं हानशिनने आधी कबूल केलं होतं. ऐन वेळी मात्र शब्द फिरवून ते टोकियोच्या योमिउरी जायंट्सच्या गोटात गेले. कारण सरळ व्यवहाराचं होतं: जायंट्सविरुद्धच्या सामन्यांना गर्दी होते, गल्ला भरतो. घरच्यांशी केलेल्या या दग्यामुळेच राजधानीशी वर्षानुवर्षं झुंजायची संधी हानशिनला मिळाली. बाकीचे तिघे दुसऱ्या लीगमध्ये गेले आणि त्यांची जायंट्सशी गाठ पडायची ती ‘जपान सिरीज’ या अंतिम मालिकेतच.

जायंट्स म्हणजे योमिउरी वृत्तपत्राचा संघ. त्यांचे सामने टीव्हीवरून देशभर दिसत आणि 1965 ते 1973 अशी सलग नऊ विजेतेपदं त्यांनी मिळवली. व्यापाराचं जुनं वैभव टोकियोकडे सरकत चालल्याचं ओसाकाला रोज जाणवत होतं. ती सल मैदानावर उतरवायला जायंट्सइतका अचूक प्रतिस्पर्धी दुसरा नव्हता.

25 जून 1959 ची रात्र घ्या. जपानचे सम्राट पहिल्यांदाच व्यावसायिक बेसबॉलचा सामना बघायला टोकियोच्या कोराकुएन मैदानावर आले होते. बरोबरीत असलेल्या सामन्याच्या नवव्या डावात जायंट्सच्या नागाशिमाने हानशिनचा नवखा पिचर मुरायामा याच्या चेंडूवर होमरन मारला आणि सामना तिथेच संपला. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, तो फाउल होता, असं मुरायामा मरेपर्यंत सांगत राहिला. नुसतं सांगून तो थांबला नाही. कारकिर्दीतला पंधराशेवा आणि दोन हजारावा स्ट्राइकआउट त्याने ठरवून नागाशिमाचाच घेतला.

दुसरी जखम 1978 ची. एगावा या नावाजलेल्या तरुण पिचरला जायंट्सनी निवड-प्रक्रियेतली एका दिवसाची फट शोधून करारबद्ध केलं. तो करार रद्द झाला आणि निवडीत एगावा हानशिनकडे आला. तेव्हा जपानी बेसबॉलच्या वरिष्ठांच्या दबावाखाली त्याला जायंट्सकडे द्यावं लागलं आणि बदल्यात जायंट्सचा कोबायाशी ओसाकाकडे आला. नको असलेल्या सौद्यात ढकलला गेलेला हा माणूस 1979 च्या हंगामात बावीस सामने जिंकला. त्यांतले आठ विजय जायंट्सविरुद्धचे होते आणि त्यांच्याकडून तो एकदाही हरला नाही. विजेतेपद न मिळालेल्या त्या वर्षाबद्दल जुने चाहते आजही भरभरून का बोलतात, हे मला पुरतं पटतं.

1985 चं पहिलं जपान सिरीज विजेतेपद आणि त्या वर्षी जल्लोषात ओसाकातल्या दोतोनबोरीच्या कालव्यात फेकलेला केएफसीच्या कर्नलचा पुतळा, ही कथा जगभर गेली. पुतळा 2009 मध्ये गाळातून निघाला. मधल्या काळात संघ अनेक वर्षं तळाशी होता, तरी कोशिएनचा उजवा स्टँड रिकामा पडला नाही. प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं, ट्रम्पेट, ढोल, एकमेकांवर आपटायचे प्लॅस्टिकचे कर्णे. धावफलक काहीही असो, हे थांबत नाही. पाहुण्या संघाच्या चाहत्यांना डाव्या टोकाला लहानसा पट्टा तेवढा मिळतो.

बाकीचे तिघे एकेक करून गेले. 1988 मध्ये नानकाईने संघ विकला आणि तो फुकुओकाला गेला. त्याच वर्षी हानक्यूचा संघ ओरिक्स या कंपनीने घेतला. 2004 मध्ये किंतेत्सूचा संघ ओरिक्समध्ये विलीन करायचं ठरलं. या विलीनीकरणाच्या वादात जपानी बेसबॉलच्या खेळाडूंनी पहिल्यांदाच संप केला, पण विलीनीकरण टळलं नाही. त्या संघांवर जीव लावलेल्या लोकांचं काय झालं, याची फारशी नोंद कुणी ठेवली नाही, हे मला फार लागतं.

2023 साली हानशिनने अडतीस वर्षांनी दुसऱ्यांदा जपान सिरीज जिंकली. तेव्हाचा व्यवस्थापक ओकादा म्हणजे 1985 च्या विजयी संघातलाच फलंदाज. सात सामन्यांच्या त्या मालिकेत समोर टोकियो नव्हतं, ओरिक्स होता. हानक्यू आणि किंतेत्सू या दोन जुन्या रेल्वे-संघांचा वारसा त्याच्याकडे आला आहे. हानशिन रेल्वे तर 2006 पासून हानक्यूच्याच समूहात आहे.