चांदरात कळते, मग भरतीही कळेल : ठाणे खाडीत फ्लेमिंगो पाहायला जाताना

हाजी अलीला जायचं ठरलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस विचारतंच, "भरती कितीला आहे?" भरतीला दर्ग्याचा रस्ता पाण्याखाली जातो, हे मुंबईतल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो पाहायला पहिल्यांदा निघालो तेव्हा मात्र हा साधा प्रश्न विचारायचं आम्ही विसरलो.

रजबची सात तारीख होती. डबे भरून, पोरांना घेऊन भर दुपारी बाराला ऐरोलीला पोचलो, तर समोर नुसता चिखल. पाणी पार दूर गेलेलं. बोट निघायची वेळ केव्हाच टळून गेली होती. पोरं हिरमुसली. घरी आल्यावर बाणकोटच्या खाडीकाठी लहानाची मोठी झालेली नानी हसून म्हणाली, "अरे, चांदाची तारीख बघून जायचं होतंत. सातवी-आठवीला भांग असतो. भर दुपारी पाणी कुठून येणार?"

नानीचं ते एक वाक्य आम्हाला पुढे फार उपयोगी पडलं. म्हणून ही सगळी माहिती इथे सविस्तर देत आहोत.

अभयारण्य नेमकं कुठे आहे?

मुंबई आणि नवी मुंबई यांच्या मधोमध ठाण्याची खाडी आहे. तिचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग राज्य सरकारने २०१५ मध्ये 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून जाहीर केला. त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन आहे आणि बाकीचं पाणी व चिखलाची खाजणं. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला 'रामसर' दर्जा मिळाला. १९७१ मध्ये इराणच्या रामसर शहरात पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव पडलं. महाराष्ट्रात याआधी हा मान फक्त नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारला मिळाला होता.

वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र ऐरोलीला आहे. खाडी, कांदळवन आणि पक्ष्यांची माहिती तिथे पाहायला मिळते आणि बोटीची फेरीही तिथूनच सुटते. मुंब्रा, कल्याण, भिवंडीकडच्या मंडळींनी ठाणे गाठावं आणि तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला यावं. गोवंडी, मानखुर्दकडून येणाऱ्यांना वाशीला गाडी बदलावी लागते. स्टेशनबाहेर रिक्षा मिळते.

चांदाची तारीख आणि भरतीची वेळ

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे होते. दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. मधल्या दिवसांत पाण्याची चढउतार कमी असते, तो भांग.

आपला हिजरी महिना चांद पाहूनच सुरू होतो. त्यामुळे घरातल्या इस्लामी कॅलेंडरवरून अंदाज बांधता येतो. महिन्याची पहिली-दुसरी आणि चौदावी-पंधरावी या तारखांना मुंबईच्या किनाऱ्यावर दुपारची भरती साधारण बारा ते दीडच्या दरम्यान असते. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. सातवी-आठवी आणि एकविसावी-बाविसावीला उलटं होतं. भरती सकाळी आणि संध्याकाळी येते, दुपारी ओहोटी असते.

हा झाला ठोकताळा. पक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची आणि केंद्रात विचारूनच बोटीची जागा राखून ठेवायची. बोटीच्या वेळा रोज बदलतात त्या याच कारणाने.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. पाणी अगदी काठोकाठ भरलं की चिखल झाकला जातो आणि फ्लेमिंगो दुसरीकडे सरकतात. पाणी चढत किंवा उतरत असताना ते काठाच्या चिखलात दाटीने उभे असतात. बोटीतून बघायला हीच वेळ सगळ्यात चांगली.

हे पाहुणे येतात कुठून?

खाडीत दोन जातींचे फ्लेमिंगो दिसतात, मोठे आणि छोटे. मराठीत त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत त्यांचा मुक्काम असतो. यातले बरेचसे गुजरातच्या कच्छकडून येतात असं मानलं जातं.

पिल्लू जन्मतः गुलाबी नसतं, राखाडी असतं. रंग येतो तो खाण्यातून. छोटा फ्लेमिंगो चोच उलटी करून पाण्यात बुडवतो आणि चोचीतल्या बारीक चाळणीने सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. त्या शेवाळातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं. खाडीत हे शेवाळ इतकं वाढण्यामागे आपल्या शहरांच्या सांडपाण्याचाही हात आहे. पण त्याच पाण्यात रसायनं आणि प्लास्टिक वाढत गेलं तर शेवाळ, मासे आणि पक्षी सगळ्यांवरच संकट येईल.

पोरांना इथे डॉ. सलीम अली यांच्याबद्दल जरूर सांगावं. १८९६ मध्ये मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. भारतातले पक्षी ओळखायला त्यांनी लोकांना शिकवलं. १९४५ मध्ये कच्छच्या रणात जाऊन त्यांनी फ्लेमिंगोंच्या विणीच्या वसाहतीचा अभ्यास केला होता. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं. मुंबईच्या खाडीत फ्लेमिंगो हजारोंनी दिसू लागले ते त्यानंतर, १९९० च्या दशकात. आमच्या मुलीने हे ऐकून विचारलं, "म्हणजे त्यांना ऐरोलीला यायची गरजच पडली नाही, ते स्वतःच तिकडे गेले?" आम्ही हो म्हणालो.

खाडीचा आणि आपला संबंध

गोवंडीला राहणाऱ्यांसाठी खाडी म्हणजे देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरापलीकडचं पाणी. मुंब्र्यातल्यांसाठी रेतीबंदरचा काठ. आपल्या कितीतरी वस्त्या खाडीच्या शेजारी आहेत. पण खाडी बघायला म्हणून आपण जात नाही. तिकडून वास येतो, डास येतात, एवढंच बोलतो.

२६ जुलै २००५ आठवतो? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरतीची वेळ. पाणी ओसरायला जागाच उरली नव्हती. अशा वेळी खाजणं पाणी सामावून घेतात. तिवराची मुळं गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर कमी करतात. त्यांच्या आडोशाला कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या वाढतात. कांदळवन तोडायला आणि त्यावर भराव टाकायला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच मनाई केली. तरी भराव पडतच राहतात. पुराचं पाणी सर्वात आधी शिरतं ते सखल भागातल्या, दाटीच्या वस्त्यांत. म्हणून खाडीची काळजी हा फक्त पक्षीप्रेमींचा विषय नाही.

जाताना एवढं लक्षात ठेवा

- बोटीत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, दुपट्टा किंवा ओढणी नीट आवरून घ्यायची.
- फेरी साधारण तासाभराची असते. लहान मुलांचं आणि वयस्कर माणसांचं बाथरूम आधीच उरकून घ्यावं. टोपी आणि पाणी सोबत हवंच.
- उधाणाच्या दिवसांत बोटीची वेळ नेमकी जोहरच्या आसपास येते. नमाजचं नियोजन त्याप्रमाणे करावं.
- दुर्बीण असेल तर न्यावी. भडक कपडे टाळावेत, मोबाईलवर गाणी लावू नयेत. पक्षी उडवून फोटो काढायचा हट्ट करू नये. बिचकून उडालेल्या पक्ष्याचं खाणं तुटतं.
- सीगलना गाठ्या, फरसाण टाकू नका. हौस आपली होते, पण तळलेलं-खारट खाणं त्यांच्यासाठी वाईट.
- डबा घरचाच न्या आणि कचराही घरीच आणा.

दुसऱ्या खेपेला आम्ही नानीलाच सोबत घेतलं, बासी ईदच्या दिवशी. शव्वालची दोन तारीख, म्हणजे उधाण. दुपारी पाणी चढत होतं. वळणावर चिखलाच्या काठाने गुलाबी रांग दिसली आणि बोटीतली सगळी पोरं एकदम गप्प झाली. परतताना धाकट्याने विचारलं, "हे पाणी आपल्या घराजवळ येतं तेच का?"

तेच. या ईदला राणीबाग की जुहू हा वाद घरात सुरू झाला, तर तिसरं नाव सुचवून बघा. फक्त निघण्याआधी भरती कितीला आहे, हे विचारायला विसरू नका.