गोटमारीच्या पलीकडचे पांढुर्णा

पांढुर्णा हे नाव उर्वरित देशाच्या कानावर वर्षातून एकदाच पडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि एका काठावरचे पांढुर्णेकर व दुसऱ्या काठावरचे सावरगावकर एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. ही गोटमार. शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे संध्याकाळपर्यंत थांबतात आणि निघून जातात. मग वर्षभर या गावाकडे कोणी फिरकत नाही. वास्तविक पाहण्यासारखे, किंबहुना ऐकण्यासारखे, पांढुर्ण्यात आणि शेजारच्या सौंसरमध्ये जे आहे ते या एका दिवसाच्या बाहेरच आहे.

ही दोन्ही गावे मध्य प्रदेशात असली तरी बोली मराठी आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी काळ्या मातीचा, कपाशीचा आणि संत्र्यांच्या बागांचा हा पट्टा. देवगडच्या गोंड राज्यानंतर तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८५३ मध्ये भोसल्यांच्या राज्याबरोबरच इंग्रजांच्या ताब्यात गेला. स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, त्यामुळे इथल्या माणसाला कचेरी, बाजार आणि सोयरीक या तिन्हींसाठी एकाच दिशेला जावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्णाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, सौंसर त्यात आले. राजधानी भोपाळ, कारभार हिंदीत, घर मराठीत. नकाशावरची रेषा आणि जिभेवरची भाषा यांचा हिशेब क्वचितच जुळतो, हे गोमंतकीय वाचकाला वेगळे सांगायला नको.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात ज्या बोलीला ‘नागपुरी’ म्हटले आहे तीच ही बोली. पण शाळेची भाषा हिंदी असलेल्या प्रदेशात बोली घरात टिकते आणि कागदावरून पुसली जाते. दुकानाची पाटी, बसचा फलक, सातबाऱ्याच्या जागी येणारा खसरा-खतौनीचा उतारा, सारे हिंदीत. मंदिराच्या ओट्यावर मांडी घालून बसलेल्या भजनी मंडळाच्या मधोमध ठेवलेली हाताने लिहिलेली वही मात्र मराठीत असते.

पश्चिम आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यात मिलटाउन मालबे नावाचे असेच एक लहान गाव आहे. पाइपवादक विली क्लॅन्सी १९७३ च्या आरंभी वारले आणि त्याच वर्षीपासून तिथे दर जुलैत त्यांच्या नावाने पारंपरिक संगीताची शाळा भरते. आठवडाभर गावातल्या प्रत्येक पानगृहात वादक कोंडाळे करून बसतात. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही. वादकांची तोंडे एकमेकांकडे असतात. श्रोता मागून ऐकतो आणि त्याला कोणी विशेष मानत नाही. आयरिश भाषा दैनंदिन व्यवहारातून बरीचशी गेली तरी गाण्यांत, सुरावटींच्या नावांत ती उरली. पांढुर्णा-सौंसरची तुलना तिथवर नेणे धाडसाचे होईल, कारण इथे पर्यटक नाहीत, जाहिरात नाही आणि मराठी अजून घराघरांत जिवंत आहे. पण गाणाऱ्यांनी वर्तुळ करून स्वतःसाठी गायचे, ही रीत दोन्हीकडे तीच.

इथल्या वर्तुळाच्या मध्यभागी खंजिरी असते. या वाद्याला विदर्भात आणि त्याच्या सीमेपलीकडे जी प्रतिष्ठा मिळाली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. १९०९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या महाराजांचा तरुणपणीचा काळ रामटेक, सालबर्डी अशा रानांत गेला. त्यातले सालबर्डी तर आजच्या दोन राज्यांच्या सीमेवरच आहे. मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला. फकीर-गोसाव्यांच्या हाती शोभणारी खंजिरी त्यांनी हजारोंच्या सभेसमोर वाजवली. १९४२ च्या चिमूरच्या उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती, असे सरकारला वाटले आणि त्यांना अटक झाली. दारू, हुंडा, अस्वच्छता, अंधश्रद्धा हे त्यांच्या भजनांचे विषय. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले, पण श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी ती परंपरा गावोगावी रुजवली.

गोव्यातील भजनाचा कान घेऊन जाणाऱ्याला येथे थोडे चुकल्यासारखे वाटेल. गोव्याचे भजन रागदारीच्या अंगाने जाते. पखवाजाची साथ, आलाप, अभंगाची चाल कोणत्या रागात बांधली आहे याची चर्चा. खंजिरीचे भजन तसे नाही. चाल सोपी, लय चढती, शब्द ठसठशीत. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी झेलायचे. पेटी, टाळ आणि ढोलकी साथीला असतात, पण खरी करामत खंजिरीवाल्याच्या बोटांची. त्याने हात खांद्याच्या वर नेऊन बोल धरला की म्हातारेही सावरून बसतात. सुरांच्या बारकाव्याचा शोध घेणाऱ्याने येथे निराश होऊ नये. या संगीताचे काम वेगळे आहे, ते माणसे एकत्र बांधण्याचे आहे.

एका बाबतीत मात्र गोव्याशी नाते थेट जुळते. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदेशीर ठरले. बकऱ्याच्या कातड्याचा पर्याय रुळल्यावर २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य घोषित केले. घोरपडीच्या कातड्याची हीच अडचण खंजिरीच्या कुळालाही आली. आयर्लंडचे बोध्रान हेही चौकटीवर ताणलेल्या बकऱ्याच्या कातड्याचे वाद्य. १९६० च्या दशकात संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी ते वाद्यवृंदात आणले तेव्हा कुठे त्याला मान मिळाला. वाद्ये दूरदूरची, पण त्यांचे दैव पुष्कळ सारखे.

तुकडोजी महाराजांनी मराठीबरोबर हिंदीतही भजने लिहिली, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी महत्त्वाची वाटत नाही. या सीमाभागात ती मोलाची आहे. एकाच बैठकीत मंडळ मराठीतून हिंदीत आणि पुन्हा मराठीत सहज जाऊ शकते आणि हिंदी शाळेत शिकणारा मुलगा बाहेर पडत नाही. लिपी देवनागरीच असल्याने मराठी वही त्याला वाचता येते. अडतो तो ‘ळ’पाशी, कारण त्याच्या पाठ्यपुस्तकात ते अक्षर नाही. सौंसरजवळच्या प्रसिद्ध मारुतीच्या गावाचे नाव फलकावर ‘जाम सांवली’ असते आणि बोलण्यात ‘जामसावळी’. तो ‘ळ’ मुलाला शिकवायला शाळा नाही. टाळ हातात देऊन शेजारी बसवणारा आजा आहे. आज्यांची ती पिढी आता उताराला लागली आहे आणि भ्रमणध्वनीवरची तयार भजने फुकट मिळतात. वही पुढे कोण धरणार, हा प्रश्न या गावांसाठी खरा आहे. राज्याच्या राजधानीत त्याची नोंद होण्याची शक्यता कमी, कारण तेथून तो दिसतच नाही.

खंजिरीखेरीज ऐकण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सजवलेल्या बैलजोड्या उभ्या राहिल्या की शेतकरी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे तालात फेकलेल्या यमकबद्ध ओळी. त्यांत महादेव-पार्वती असतात, नापिकी आणि कर्ज असते, पुढाऱ्याची टिंगलही असते. शेवटी महादेवाचा गजर. झडतीला झडतीने उत्तर देण्याची चढाओढ लागते आणि ती ऐकताना हसू आवरत नाही. वैदर्भीय शेतकऱ्याचे हे खास वाङ्मय, पण अभ्यासकांचे लक्ष त्याकडे जावे तेवढे गेले नाही. दुसऱ्या दिवशीच्या दगडांपेक्षा आदल्या संध्याकाळचे हे शब्द पाहुण्याने ऐकावेत.

महाशिवरात्रीच्या सुमारास पचमढीच्या चौरागडावर त्रिशूळ वाहण्यासाठी आणि नागपंचमीच्या आगेमागे नागद्वाराच्या यात्रेसाठी विदर्भातून माणसे निघतात. नागपूरहून जाणारी वाट सौंसरवरून छिंदवाड्याकडे चढते. या दिवसांत रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, धर्मशाळेच्या ओसरीत महादेवाची गाणी चालतात. बायका म्हणतात, पुरुष झेलतात, कधी उलट. होळीनंतर छिंदवाडा-बैतुलच्या गोंड गावांत मेघनाथाची जत्रा असते. तिथले ढोल निराळे, भाषा निराळी, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

जाण्याची सोय अवघड नाही. गोव्याहून नागपूर गाठावे. नागपूर–इटारसी लोहमार्गावर काटोल, नरखेडनंतर पांढुर्णा येते. पुढे गाडी मुलताईचा, म्हणजे तापीच्या उगमाचा, घाट चढू लागते. रस्त्याने पांढुर्णा नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटर. सौंसर त्याहून जवळ, सावनेरमार्गे छिंदवाड्याच्या रस्त्यावर. नागपूर–छिंदवाडा अरुंदमापी गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली. आता त्या मार्गावर रुंद रूळ आहेत.

कार्यक्रमपत्रिका मिळणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी असते; तिथे जाऊन बसले की भजन कोणत्या दिवशी, कोणाकडे, हे आपोआप कळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महाराजांच्या पुण्यतिथीचे कार्यक्रम होतात. त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, सायंकाळी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, मौन पाळले जाते आणि नंतर रात्र खंजिरीची. कार्तिकात पहाटेचा काकडा असतो, त्यासाठी लवकर उठण्याची तयारी हवी. चप्पल ओट्याखाली काढावी, चित्रीकरणाआधी विचारावे, आणि कोणी टाळ पुढे केला तर नाही म्हणू नये. चुकले तरी कोणी रागावत नाही. कार्तिकातच गेले तर बागांमध्ये आंबिया बहाराची संत्री उतरत असतात, आणि भजन संपल्यावर चहाच्या आधी तीच हातावर ठेवली जातात.