भाऊच्या धक्क्यावरून जझीऱ्याला

माझ्या नानीचं माहेर राजपुरीचं, सासर लालबागच्या चाळीत. माहेराच्या वाटेवर समुद्र असूनही ती आयुष्यभर एस.टी.नेच गेली. कारण 'रामदास'.

१७ जुलै १९४७, गुरुवार. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढाची अमावास्या, त्यामुळे गावी जाणाऱ्यांची गर्दी. रमजानही दोन-तीन दिवसांवर आलेला, तेव्हा रोज्यांसाठी घरी निघालेले आपले लोकही त्यात असणारच. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांकडून खबर आली तेव्हा मुंबईला कळलं. शेजारणीचा मुलगा त्या बोटीत होता. तिच्यासोबत नानी दोन दिवस धक्क्यावर बसून होती. पुढे 'बोट' हा शब्दही ती टाळायची.

अम्मी आता बहात्तरची. गेल्या हिवाळ्यात एकदम म्हणाली, "मला पाण्यावरूनच ने. जंजिऱ्यापर्यंत." काही आठवड्यांपूर्वीच, १८ डिसेंबर २०२४ ला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली होती. मी टाळायला पाहिलं. ती ऐकेना.

फज्र पढून निघालो. अम्मी, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी. रेवसची लाँच भरती-ओहोटी पाहून सुटते, तेव्हा वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवलेली बरी. लाँचवर लाइफ जॅकेटं होती, पण छताला सुतळीने गच्च बांधलेली! मी तांडेलला काही बोलले नाही. शिक्षिका असूनही चारचौघांत बोलायला संकोचले, हे कबूल करते. रेवस जवळ आलं तशी अम्मी कठड्याला धरून पाण्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते. फातिहा पढत असावी.

रेवसहून अलिबाग, तिथून मुरूड, मग राजपुरी. समोर किल्ला. वर्गात मी सांगते की 'जंजिरा' हा अरबी 'जझीरा'चाच अवतार, अर्थ बेट. म्हणजे 'जंजिरा बेट' म्हणणं म्हणजे बेट बेट म्हणणं. सिद्दींचं हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

शिडाच्या होडीत माणसं भरत होती. अम्मी काठावरच थांबली. "भाई, आधी जॅकेट द्या, मग बसते." खलाशी हसला, "काकी, दहा मिनिटांचं तर पाणी." अम्मी म्हणाली, "रेवसही जवळच होतं." मागची माणसं कुरकुरली. ती हलली नाही. शेवटी शेजारच्या होडीतून जॅकेटं आली. आम्हा तिघींपुरती मागितली होती, पण दोन-तीन बायकांनीही आपल्या मुलांसाठी मागून घेतली.

दरवाजाशी होडी वरखाली होते, पायरीवर उडी मारावी लागते. खलाशाने अम्मीला हात दिला. आत ती गोड्या पाण्याच्या तलावाकाठी बसली. खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोडं पाणी, मुलीला खरंच वाटेना. अम्मीला बुरूज, तोफा पाहायच्याच नव्हत्या. तटाच्या झरोक्यातून ती राजपुरीकडे बघत राहिली. नानी लहानपणी पलीकडून हाच किल्ला बघायची.

परतताना मुलीने जॅकेटाची गाठ स्वतः मारली. अम्मीने ती सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.