दिवाळीनंतरची शाळा

मित्रांनो, तुमच्या वर्गाचा हजेरीपट तुम्ही कधी नीट पाहिलाय का? सर नाव घेतात, तुम्ही "हजर!" म्हणून ओरडता आणि विषय संपतो. पण आमच्या बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या शाळेचा हजेरीपट हाती घेऊन बघा. जूनपासून दिवाळीपर्यंत पानं कशी गच्च भरलेली दिसतात. दिवाळी सरली, की एकेका नावापुढची घरं रिकामी होत जातात. ती पुन्हा भरू लागतात गुढीपाडव्याच्या आगेमागे, म्हणजे वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यावर! मधल्या काळात ही मुलं आजारी नव्हती आणि दांड्याही मारत नव्हती. ती कारखान्याला गेली होती.

"कारखान्याला गेली" हे आमच्याकडचं बोलणं. आईवडील ऊसतोडीला गेले आणि लेकरंही त्यांच्याबरोबर गेली, असा त्याचा अर्थ. आमचा बराचसा भाग बालाघाटच्या डोंगराचा, पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडवाहू. खरिपाचं पीक निघालं की रानात काम उरत नाही. मग शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज अशा तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगरला, तर कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं "कोयता" म्हणतात. हो, दोन माणसं मिळून एक कोयता! मुकादम त्यांना आधीच काही रक्कम देतो, तिला म्हणायचं "उचल". ती हंगामभर ऊस तोडून फेडायची.

तुम्ही विचाराल, की आईवडील गेले तर गेले, मुलांना कशाला नेतात? अहो, मागं ठेवायचं कुणाजवळ? शिवाय फडावर मुलांना काम असतंच. आई पहाटे अंधारात ऊस तोडायला गेली, की दहा वर्षांची ताई धाकट्याला कडेवर घेऊन कोपीत थांबते, पाणी भरते, भाकरी थापते. जरा मोठा मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधायला हात लावतो. जूनपासून शिकलेला भागाकार तोवर डोक्यातून निघून गेलेला असतो.

आता तुमच्यातला एखादा हुशार वाचक म्हणेल, "पण सर, शिक्षण तर आमचा हक्क आहे ना?" बरोबर आहे, बाळा. पण हा हक्क काही एका दिवसात मिळाला नाही, बरं का! कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड! त्या वेळी आमचं बीड निजामाच्या राज्यात होतं. इथं तसली सोय कुठून असणार? पुढं २६ जानेवारी १९५० ला भारताची राज्यघटना लागू झाली. तिच्या ४५ व्या कलमात लिहिलं होतं, की दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा सरकारनं प्रयत्न करावा. दहा वर्षं म्हणजे १९६०. पण ते शिक्षण "हक्क" व्हायला २००२ सालची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाहू महाराजांनंतर ९३ वर्षांनी!

या कायद्यात गाव सोडून जाणाऱ्या मुलांचा विचार केलेला आहे. शाळा बदलायची असेल, तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. दाखला यायला उशीर झाला किंवा वर्ष अर्धं सरलं, म्हणून नव्या शाळेनं प्रवेश नाकारायचा नाही. मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि राहिलेला अभ्यास वेगळा शिकवायचा. आपल्या राज्यात अशा मुलांना शिक्षण हमी पत्रकही देतात. ते दाखवलं की कुठल्याही सरकारी शाळेनं त्यांना बसवून घ्यायचं.

कागदावर किती छान! पण फडावर काय होतं ते ऐका. कोप असते शेताच्या कडेला. शाळा असते दूर, मध्ये उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ. एका फडाचा ऊस संपला, की टोळी दुसऱ्या गावी. कर्नाटकात गेलं तर जवळची शाळा कानडी. १९९० नंतरच्या काळात काही कारखान्यांच्या आवारात "साखरशाळा" निघाल्या, त्यांनी पुष्कळ मुलांच्या हाती पाटी दिली. मी त्यांना नावं ठेवणार नाही. तरीपण ज्या घरात धाकट्याला सांभाळायला ताईच लागते, त्या घरची ताई साखरशाळेतही रोज येऊ शकत नाही. मला तर वाटतं, मुलानं उसामागं फिरायचं आणि शाळेनं मुलामागं धावायचं, हा उपाय शेवटचा. मूल गावातच राहिलं पाहिजे.

त्यासाठी आमच्याकडे "हंगामी वसतिगृह" नावाची योजना आहे. वसतिगृह म्हटलं, की तुमच्या डोळ्यांपुढं मोठी इमारत, लोखंडी खाटा वगैरे येईल. तसलं काही नाही! गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा. आईवडील गेले, की मुलं आजी-आजोबांकडे राहतात, काही ठिकाणी शाळेत झोपतात. दुपारी सगळ्यांबरोबर शालेय पोषण आहार असतोच. सकाळ-संध्याकाळचं खाणं वसतिगृहातून मिळतं आणि संध्याकाळी अभ्यासाला सगळे एकत्र बसतात. हे सगळं चालवते गावचीच शाळा व्यवस्थापन समिती.

यात खरी मेख कुठं असते, सांगू? आजीपाशी. सप्टेंबरमध्ये आम्ही शिक्षक वस्तीवस्तीवर, तांड्यावर जाऊन कोण कोण कारखान्याला जाणार याची यादी करतो. एका आजीनं मला सरळ विचारलं होतं, "सर, मला धड दिसत न्हाई. चुलीपुढं बसवत न्हाई. लेकराला म्या काय करून घालू? आन् रात्री ताप आला तर कुठं न्यू?" या प्रश्नापुढं शिक्षणाच्या महत्त्वावरचं भाषण फुकट! तिला सांगावं लागतं, की दोन्ही वेळचं खाणं शाळेत, आणि रात्री काही झालं तर या माणसाला या नंबरवर फोन करायचा. एवढं पटलं, की आजी म्हणते, "मग ऱ्हाऊ द्या."

आणि दुसरी मेख तारखेची. ही यादी शाळेतून केंद्रप्रमुखांकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेत जाते आणि मंजुरी होऊन परत येते. मंजुरी दिवाळीआधी आली, तर उत्तम. उशिरा आली तर? मुकादमाची गाडी सरकारी कागदाची वाट पाहत नाही. गाडीत बसलेलं मूल मंजुरी आली म्हणून सांगलीहून परत येत नाही. वसतिगृह कितीही चांगलं असो, गाड्या हलायच्या आधी ते सुरू झालं नाही, तर त्याचा उपयोग निम्म्याहून कमी.

बरं, मूल गावात राहिलं. आता त्याला शिकवायचं काय? पुस्तकातले धडे तर आहेतच. पण आमच्या वर्गात आम्ही एक गणित घालतो, तुम्हीही सोडवून बघा. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि दर टनाला ३६६ रुपये झाला. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला असं धरू, म्हणजे झाले ७३२ रुपये. उचल घेतली आहे ५० हजार. ती फिटायला किती दिवस लागतील? भागाकार केलात तर ६९ दिवस येतील. पण थांबा! हंगामात किराणा-दवाखान्याला पैसे लागतात, त्यासाठी मुकादम "खर्ची" देतो. पंधरवड्याला तीन हजार खर्ची धरली, तर दिवसाचे दोनशे वजा झाले, उरले ५३२. आता पुन्हा भागा. ९४ दिवस! आणि यात आजारपणाचा एकही दिवस धरलेला नाही.

हे गणित फळ्यावर मांडलं, की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरते. कारण ते त्यांच्या घरचं असतं. गेल्या हंगामात सहावीतल्या एका मुलानं काय केलं माहीत आहे? वडील रात्री फोनवर टनांचा आकडा सांगत, तो वहीत तारीखवार लिहून ठेवी. हिशेबाच्या दिवशी वडील ती वही घेऊनच बसले. वहीतला आकडा आणि मुकादमाचा आकडा यांत फरक निघाला. सगळा फरक काही मिळाला नाही, निम्म्यावर तडजोड झाली. पण वडिलांनी या वर्षी आपणहून नवी वही आणून दिली! नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा नाही, तरी मी तो नागरिकशास्त्रातच धरतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असायला हवी. शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. दोन विद्यार्थीही समितीत घेतात, त्यांतली एक तरी मुलगी. म्हणजे पाण्याची टाकी फुटली आहे, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत, हे सांगायला तुमचा प्रतिनिधी तिथं बसू शकतो. तुमच्या शाळेत ते दोन विद्यार्थी कोण, हे विचारा बरं एकदा! पुष्कळदा त्या दोघांनाही ते ठाऊक नसतं.

मात्र हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा. आठवी झाली, की त्याचं छत्र संपतं. आमच्याकडच्या मुलींची खरी परीक्षा तिथून सुरू होते. मुलगी मोठी झाली, कोपीवर एकटी कशी ठेवायची, गावात तरी कुणाच्या भरवशावर सोडायची, ही आईची काळजी. त्यात लग्न लावलं की नवा कोयता तयार होतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या दर शंभर महिलांमध्ये चाळीसहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. आकडा वाचून पुढं जाऊ नका. तीस मुलींचा वर्ग डोळ्यांपुढं आणा आणि त्यातल्या बारा बाकांवरून उठवा.

यावर काही सोयी झाल्या आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी इथं दीपक आणि कावेरी नागरगोजे या दांपत्यानं "शांतिवन" उभं केलं, तिथं ऊसतोड कामगारांची मुलं राहून शिकतात. राज्य सरकारनं २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृहांची योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं, प्रत्येकात शंभर जणांची सोय, अशी ती योजना. गावातल्या हंगामी वसतिगृहापेक्षा हे वेगळं. ही सरकारी वसतिगृहं तालुक्याच्या ठिकाणी आणि वर्षभरासाठी.

तुमच्या वर्गात अशी एखादी मैत्रीण असेल, तर या वसतिगृहाची चौकशी तिच्यासाठी तुम्हीच बाईंकडे करा. आईवडील ऊसतोडीला जातात याचा पुरावा लागतो, तो ते गावात आहेत तोवरच गोळा करा. घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली असतील, तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन क्रमांक लक्षात ठेवा. तो दिवसरात्र चालू असतो. आणि एक बघा, दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते, गाड्या मात्र त्याच दिवसांत लागतात. म्हणून जे काही सांगायचं ते सुट्टी लागायच्या आधी सांगा.