समीप छायाचित्रण

समीप छायाचित्रण म्हणजे लहान वस्तू जवळून आणि मोठ्या आकारात टिपण्याचे तंत्र होय. फुलांमधील पुंकेसर, कीटकांचे डोळे, पानांच्या शिरा हे त्याचे नेहमीचे विषय आहेत. संवेदकावर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूएवढी असल्यास विशालन १:१ असते. काटेकोर अर्थाने त्यापासून पुढच्या विशालनालाच मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. त्यासाठीची खास भिंगे महाग असल्याने हौशी छायाचित्रकार अनेक स्वस्त पर्याय वापरतात.

इतिहास

जर्मन छायाचित्रकार कार्ल ब्लोसफेल्ट (१८६५–१९३२) यांनी घरी तयार केलेल्या कॅमेऱ्यांनी वनस्पतींची विशालित छायाचित्रे घेतली. बर्लिनमध्ये कलाशिक्षक असताना ते ती अध्यापनासाठी वापरत. त्यांचे ‘उर्फॉर्मेन डेर कुन्स्ट’ हे पुस्तक १९२८ साली प्रसिद्ध झाले.

कमी खर्चाची साधने

• क्लोज-अप फिल्टर : मुख्य भिंगापुढे बसवायचे बहिर्गोल भिंग. मुख्य भिंग अनंत अंतरावर जुळवलेले असताना +४ डायॉप्टरच्या फिल्टरमुळे २५ सेंमी अंतरावरील वस्तू स्पष्ट दिसते. स्वस्त फिल्टरमध्ये चित्राच्या कडा अस्पष्ट होतात.

• एक्स्टेन्शन ट्यूब : भिंग आणि कॅमेरा यांमधील पोकळ नळी. तिच्यात काच नसल्याने भिंगाच्या गुणवत्तेत भर किंवा घट होत नाही. ५० मिमी नाभीय अंतराच्या भिंगामागे एकूण ५० मिमी लांबीच्या नळ्या बसवल्यास १:१ विशालन मिळते.

• रिव्हर्स रिंग : भिंग उलटे बसवण्याचे कडे. यात भिंगाचा कॅमेऱ्याशी असलेला विद्युत-संपर्क तुटतो. त्यामुळे ॲपर्चर हाताने बदलता येणारी जुनी भिंगे अधिक सोयीची ठरतात.

मोबाइल फोनवर चिमट्याने लावायची छोटी भिंगेही मिळतात.

तंत्र

विशालन वाढले की चित्रातील स्पष्ट भाग अरुंद होतो. ३६ × २४ मिमी संवेदकावर १:१ विशालनात एफ/८ ॲपर्चर ठेवल्यास जेमतेम १ मिमी खोलीचा भाग स्पष्ट येतो. ॲपर्चर लहान केल्यास ही खोली वाढते, पण प्रकाश कमी पडतो आणि अतिलहान ॲपर्चरमुळे विवर्तन होऊन बारकावे पुसट होतात. म्हणून संवेदकाची पातळी पाकळीला समांतर ठेवतात आणि भिंग फिरवण्याऐवजी कॅमेराच किंचित पुढेमागे सरकवून फोकस साधतात.

किंचित वाऱ्यानेही फूल फोकसबाहेर जात असल्याने पहाटेची शांत वेळ योग्य मानली जाते. गारव्यामुळे तेव्हा कीटकही मंदावलेले असतात. ट्रायपॉड नसल्यास धान्याची वा वाळूची छोटी पिशवी कॅमेऱ्याखाली ठेवून सेल्फ-टायमर वापरतात. कडक ऊन ट्रेसिंग पेपरने सौम्य करता येते, तर सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरल्यास परावर्तित प्रकाश मिळतो.

पर्यावरणीय दक्षता

जवळ जाण्याच्या प्रयत्नात विषयाचीच हानी होण्याचा धोका या प्रकारात अधिक असतो. सातारा जिल्ह्यातील कास पठार हे त्याचे ठळक उदाहरण आहे. २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या पश्चिम घाटातील स्थळांमध्ये त्याचा समावेश आहे. तेथे जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात पावसाळ्यात तेरडा, सीतेची आसवे, गेंद अशी फुले येतात. एका फुलासाठी जमिनीवर आडवे झाल्यास भोवतालची अनेक रोपे चिरडली जातात, आणि बी धरण्याआधी नष्ट झालेल्या वर्षायू रोपाचे पुनरुत्पादन होत नाही. त्यामुळे पायवाटेवरूनच छायाचित्रे घेणे, फुले न तोडणे, पार्श्वभूमी मोकळी करण्यासाठी आजूबाजूची रोपे न उपटणे आणि घरट्यांना धक्का न लावणे हे संकेत पाळणे आवश्यक ठरते. वाटेपासून दूर असलेल्या फुलासाठी टेलिफोटो भिंगाला एक्स्टेन्शन ट्यूब जोडणे सोयीचे असते.