भिंतीला चुना, की गिऱ्हाइकाला?

घर विकायचे ठरले की जळमटे काढतात, फरशी घासतात आणि भिंतींना चुना देतात. दोन दिवसांत जुने घर नव्यासारखे दिसू लागते. हा कायापालट कसा होतो आणि तो कितपत खरा असतो, ते पाहू या.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले की तो फसफसतो आणि इतका तापतो की पाणी उकळू लागते. (हे काम मोठ्यांनीच करावे. डोळ्यांत थेंब उडाला तर दृष्टीला धोका असतो.) असा विरलेला चुना पातळ करून, त्यात डिंक व किंचित नीळ घालून भिंतीला लावतात. तेथे तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. भट्टीत जे गमावले, ते चुना भिंतीवर परत मिळवतो!

ओला चुना फिका दिसतो व त्यातून जुने डागही दिसतात. तो वाळला की पांढराशुभ्र होतो. असे का? ओल्या थरात कणांमधील फटी पाण्याने भरलेल्या असतात, त्यामुळे प्रकाश फारसा न विखुरता आत शिरतो. पाणी उडून गेले की फटींत हवा येते. मग कण आणि हवा यांच्या सीमांवर प्रकाश पुनःपुन्हा वळतो, परावर्तित होतो आणि चहूकडे विखुरतो. डाग झाकला जातो तो यामुळे.

पण डाग झाकला म्हणजे ओल गेली असे नव्हे. विटा सच्छिद्र असतात. जमिनीतील पाणी केशाकर्षणाने त्यांतून वर चढते आणि सोबत क्षार आणते. पृष्ठभागावर पाण्याची वाफ होते, क्षार मात्र तेथेच राहतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. क्षारांचे स्फटिक वाढताना गिलाव्याचे पोपडे सुटतात. काही महिन्यांत नव्या चुन्यातूनही तो डाग डोके वर काढतो. तोवर एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी त्या घरात गुंतलेली असते.

ओल ओळखण्याचा एक सोपा प्रयोग तुम्हीही करू शकता. प्लास्टिकच्या पारदर्शक कागदाचा वीतभर तुकडा भिंतीवर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब असतील, तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूस असतील, तर खोलीतील हवा दमट आहे.

विकणाऱ्यानेही क्रम पाळावा. आधी पाण्याची वाट बंद करावी, भिंत पुरती वाळू द्यावी, लोणा कोरड्या ब्रशने झाडावा आणि मगच चुना द्यावा. नाहीतर तो चुना भिंतीला लागत नाही, घर घेणाऱ्याला लागतो!